आधी हकीकत, मग कायदा

कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या कुठल्याही विद्यार्थ्याचे ड्राफ्टिंगचे जर्नल उघडून पाहावे. पंधरा मसुदे दावे-अर्जांचे, पंधरा दस्तांचे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत हा विषय सक्तीचा आहे आणि गुणांची वाटणीही ठरवून दिली आहे : पहिल्या पंधरांना ४५ गुण, दुसऱ्या पंधरांना ४५, तोंडी परीक्षेला १०. जर्नलमधले अक्षर सुबक असते, समास आखलेले असतात. घटस्फोटाच्या अर्जात नवरा-बायकोची नावे 'अ' आणि 'ब' असतात, खरेदीखताच्या चतुःसीमेत चारही बाजूंना रस्ता असतो आणि जामिनाच्या अर्जातला आरोपी निर्दोष असून त्याला खोट्या गुन्ह्यात गोवलेले असते. हे सगळे मागच्या वर्षीच्या जर्नलमधून आलेले असते आणि त्या जर्नलात त्याच्याही मागच्या वर्षीच्या. विद्यार्थी आळशी आहेत म्हणून असे होते, असे मी मानत नाही. ज्या मसुद्यामागे माणूस नाही, तारीख नाही, एक कागद नाही, तो मसुदा उतरवून काढण्यापलीकडे त्याचे करणार काय?

कायद्याचा शोध हा भाग तर याहून पोरका. पदवीच्या अभ्यासात तो मूट कोर्टाच्या निमित्ताने डोकावतो. 'सायटेशन काढून आण' असे कोणीतरी सांगते आणि विद्यार्थी मोबाइलवर चार शब्द टाकून पाच निकालांची नावे घेऊन येतो. निकालात काय म्हटले आहे हे त्याने वाचलेले नसते, कारण वाचायचे कसे हे त्याला कोणी दाखवलेले नसते. एकीकडे शोध म्हणजे नावे गोळा करणे, दुसरीकडे लेखन म्हणजे नमुना उतरवणे. मधली जागा, जिथे खरी वकिली होते, ती रिकामीच राहते. ही जागा भरण्यासाठी हे सरावपुस्तक तयार झाले आहे.

ते घडले ठाण्यात, खोपटला. एसटी स्थानकाच्या मागच्या बाजूला एका लहानशा खोलीत रविवारी सकाळी आम्ही काही वकील आणि शिक्षक कायद्याच्या मुलामुलींना घेऊन बसतो. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाचे विधि महाविद्यालय १९७२ पासून आहे, पुढे जिल्ह्यात आणखीही महाविद्यालये निघाली. आमच्याकडे येणारे विद्यार्थी अनेक ठिकाणचे असतात. कोणी मुरबाड-शहापूरहून एसटीने येते, कोणी कल्याण-डोंबिवलीहून लोकलने. बरेच जण दिवसा नोकरी करतात. कोणी बँकेत कारकून, कोणी सोसायट्यांची हिशेबाची कामे करणारा. एक-दोन जण वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करता करता कायद्याकडे वळलेले. बहुतेकांचे शालेय शिक्षण मराठीतून झालेले असते आणि त्याचे त्यांना दडपण असते. आपण मागे पडू ते इंग्रजीमुळे, अशी त्यांची खात्री असते.

ते दडपण खोटे आहे असे मी म्हणणार नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार सर्वोच्च न्यायालयाचे आणि उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते, त्यामुळे आधाराला घ्यायचे निकाल बहुतांशी इंग्रजीत. पण १९९८ साली राज्य शासनाने अधिसूचना काढून, काही अपवाद ठेवून, खालच्या दिवाणी आणि फौजदारी न्यायालयांची भाषा मराठी ठरवली आहे. कोर्ट नाक्यावर येणारा पक्षकार आपले गाऱ्हाणे मराठीत सांगतो, सात-बारा आणि फेरफार मराठीत असतात, साक्षीदार मराठीत बोलतो, दावा मराठीत लिहिता येतो. म्हणजे ठाण्याच्या वकिलाला मराठी हकीकत आणि इंग्रजी निकाल या दोन काठांमध्ये रोज येजा करावी लागते. ही येजा शिकवणारा एकही तास अभ्यासक्रमात नाही. मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्याचा एक काठ पक्का आहे, हे त्याला कोणी सांगतही नाही.

म्हणून आमच्या वर्गात पहिल्या दिवशी एक जुना निकाल हातात दिला जातो. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर. बॉम्बे लॉ रिपोर्टरचा ३९ वा खंड, पान १२९५. मुंबई उच्च न्यायालय, १७ मार्च १९३७. हा महाडच्या चवदार तळ्याचा खटला. २० मार्च १९२७ चा सत्याग्रह प्रत्येकाला ठाऊक असतो. त्यामागून दहा वर्षे कोर्टात काय चालले होते, हे कायद्याच्या विद्यार्थ्यांनाही सहसा ठाऊक नसते. आणि त्या दहा वर्षांतला मधला टप्पा ठाण्याचा आहे. महाडच्या दुय्यम न्यायाधीशांनी १९३१ मध्ये दावा फेटाळला, त्यावर अपील झाले ते ठाण्याला, आणि इथल्या सहायक न्यायाधीशांनी ते १९३३ मध्ये फेटाळले. मग प्रकरण दुसऱ्या अपिलात मुंबईला गेले. तिथे निकाल देणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी एक ब्रूमफील्ड. १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश हेच. हा तपशील सांगितला की वर्गातली मुले पान उलटायला उत्सुक होतात, म्हणून तो मी आवर्जून सांगतो.

निकाल वाचण्याआधी मुलांना विचारले, की कोर्टाने काय ठरवले असेल? जवळजवळ सगळे सांगतात : अस्पृश्यता बेकायदा आहे, सार्वजनिक तळ्यावर सर्वांचा हक्क आहे. अनेक गाइडांत आणि भाषणांतही असेच असते. मग आम्ही निकाल परिच्छेदागणिक वाचतो. वादींचे म्हणणे असे होते, की या तळ्याचे पाणी फक्त स्पृश्य हिंदू आणि मुसलमान यांनी वापरायचे अशी अनादी काळापासूनची प्रथा आहे. ती शाबीत करण्याचा बोजा वादींवर. महाडच्या न्यायालयाने प्रथा दीर्घकाळची आहे हे मान्य केले होते, परंतु सार्वजनिक तळे एका वर्गाने वापरले आणि दुसऱ्याने वापरले नाही, एवढ्यावरून पहिल्याला कायदेशीर हक्क मिळत नाही असे म्हटले होते. ठाण्याच्या न्यायालयाने प्रथा अनादी असल्याचेच सिद्ध झाले नाही असे धरले. उच्च न्यायालयाने ठाण्याचे मत उचलून धरले आणि अपील फेटाळले. ही प्रथा अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे का, या प्रश्नात शिरण्याची गरजच उरली नाही, आणि तसे पाहता खालच्या न्यायालयांत तो मुद्दा कैफियतीत घेतलेलाही नव्हता, असे न्यायमूर्तींनी नोंदवले. तळे नगरपालिकेकडे निहित असण्याचा परिणाम काय, हाही प्रश्न त्यांनी तसाच ठेवला.

इथे वर्गात शांतता पसरते. काहींना वाईट वाटते. इतका मोठा लढा, आणि कोर्टाने ठरवले ते एवढेच? हीच वेळ शिकवण्याची असते. तिन्ही न्यायालयांचा शेवट एक, कारणे मात्र तीच नाहीत. कुठले कारण पुढच्या खटल्याला बांधील ठरेल? 'गरज उरली नाही' म्हणून जे सोडून दिले, त्याचा आधार घेता येईल का? बाबासाहेबांच्या बाजूचा सगळा युक्तिवाद वादींच्या पुराव्यातल्या एका फटीवर उभा राहून जिंकला, यात कमीपणा आहे की कसब? आणि जो मुद्दा कैफियतीत नसतो तो दुसऱ्या अपिलात कसा हातातून निसटतो, हे याहून ठसठशीतपणे कुठले पुस्तक सांगेल? रेशिओ आणि ऑबिटर यांच्या व्याख्या पाठ करून जे समजत नाही, ते या एका निकालाच्या वाचनात समजते, कारण इथे प्रत्येक वाक्यामागे काय पणाला लागले आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असते.

आणखी एक गोष्ट मी मुलांना सांगतो. हा निकाल लागला तेव्हा प्रतिवादी क्रमांक एक मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. जून १९३५ मध्ये त्यांनी ते पद घेतले होते आणि त्याच काळात मुंबई इलाख्यातल्या कायदेशिक्षणाच्या सुधारणेवर त्यांनी कॉलेजच्या नियतकालिकात लेखही लिहिला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला तेव्हा हजारो लोक जमलेले असताना त्यांनी तळ्यावरचा सत्याग्रह थांबवला, तो हुकूम पाळला आणि लढा कागदावर नेला. कायद्याचे शिक्षण म्हणजे काय, याचे उत्तर त्यांच्यापाशी पुस्तकी नव्हते.

या वाचनानंतरचा गृहपाठ पुस्तकात पहिला सराव म्हणून दिला आहे. एका पानात, मराठीत, खटल्याची हकीकत तारखांसह लिहायची. कायद्याचा एकही शब्द वापरायचा नाही. दुसऱ्या पानात न्यायालयापुढचा प्रश्न एका वाक्यात. तिसऱ्या पानात उत्तर आणि त्याचे कारण, निकालातल्या परिच्छेदाकडे बोट दाखवून. सोपे वाटते. पहिल्या प्रयत्नात जवळजवळ कोणालाच जमत नाही, कारण हकीकतीच्या पानात मते शिरतात आणि प्रश्नाच्या वाक्यात उत्तर.

हकीकत आधी का, हे एका साध्या उदाहरणाने सांगतो. न वटलेल्या धनादेशांची प्रकरणे ठाणे, कल्याण, भिवंडी या कोर्टांत ढिगाने असतात. समजा, कल्याणच्या व्यापाऱ्याला भिवंडीच्या यंत्रमागवाल्याने भिवंडीतल्या आपल्या बँकेचा धनादेश दिला. व्यापाऱ्याचे खाते कल्याणच्या शाखेत. त्याने तो तिथे भरला आणि तो परत आला. तक्रार कल्याणला करायची की भिवंडीला? विद्यार्थ्याने शोध घेतला तर त्याला आधी सर्वोच्च न्यायालयाचा १९९९ चा के. भास्करन निकाल सापडतो : गुन्ह्याचे पाच घटक, त्यांतला कुठलाही जिथे घडला तिथे तक्रार चालेल. तो खूश होतो. आणखी थोडे शोधले तर १ ऑगस्ट २०१४ चा दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा तीन न्यायमूर्तींचा निकाल मिळतो : धनादेश ज्या बँकेवर काढला आणि जिथे तो नाकारला गेला तिथेच तक्रार. म्हणजे भिवंडी. इथे थांबणारा विद्यार्थी मेहनती आहे, मोठ्या खंडपीठाचा नंतरचा निकाल त्याने शोधला आहे, तरीही तो पक्षकाराला चुकीच्या कोर्टात पाठवणार. कारण २०१५ मध्ये संसदेने कायदाच बदलला. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १४२ मध्ये पोटकलम घातले गेले, आणि खात्यात भरलेल्या धनादेशाबाबत पैसे घेणाऱ्याचे खाते ज्या शाखेत आहे तिथले न्यायालय सक्षम ठरले. म्हणजे कल्याण.

या तीन पायऱ्या शिकवताना माझा भर एका गोष्टीवर असतो. विद्यार्थ्याने सुरुवात 'कार्यक्षेत्र' या शब्दाने केली की तो निकालांच्या जंगलात शिरतो. सुरुवात व्यापाऱ्याच्या कागदांनी केली, म्हणजे धनादेश कुठल्या शाखेचा, भरला कुठे, परतीचा मेमो कधीचा, तर त्याला काय शोधायचे ते कळते. मग मुदतींची साखळीही त्याच कोष्टकात बसते : परतीची माहिती मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे देण्यासाठी पंधरा दिवस, त्यानंतर एका महिन्यात तक्रार. तारखांचे कोष्टक म्हणजे कारकुनी काम, असे मानणारे ज्युनिअर मी पाहिले आहेत. अनुभवी वकील कोष्टक स्वतः करतात, कारण प्रकरणाचा कच्चा दुवा तिथेच सापडतो.

१ जुलै २०२४ पासून हे कोष्टक आणखी मोलाचे झाले आहे. भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम त्या दिवशी लागू झाले. गुन्हा ३० जूनचा असेल तर फसवणुकीला भारतीय दंड संहितेचे कलम ४२०, दुसऱ्या दिवशीचा असेल तर न्याय संहितेचे ३१८. खुनासाठी पिढ्यानपिढ्या ओठांवर बसलेले ३०२ आता १०३ झाले आहे आणि नव्या संहितेतले ३०२ धार्मिक भावना दुखावण्याच्या उद्देशाने उच्चारलेल्या शब्दांविषयी आहे. सवयीने आकडा टाकणाऱ्याच्या हातून काय घडेल ते सांगायला नको. जुन्या कलमावरचे शंभर वर्षांचे निकाल नव्या कलमाला कितपत लागू पडतात, हे ठरवायला दोन्ही मजकूर शेजारी ठेवून शब्द न् शब्द ताडून पाहावा लागतो. पुस्तकातला चौथा सराव तेवढ्यासाठीच आहे आणि तो कंटाळवाणा आहे. मुद्दाम तसा ठेवला आहे.

साधनांविषयी थोडेसे. मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी एक परंपरा इथे आहे. ऑल इंडिया रिपोर्टर नागपूरच्या व्ही. व्ही. चितळे यांनी उभा केला, त्याचे १९१४ पासूनचे खंड देशभरातल्या वकिलांच्या कपाटांत दिसतात. बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ पासूनचा. महाराष्ट्र लॉ जर्नलशिवाय आजही जिल्हा कोर्टातला बार चालत नाही. पूर्वी हे खंड ज्याच्या कपाटात, त्याच्याकडे ज्युनिअरने जायचे, धूळ झटकायची आणि सिनियरच्या मर्जीने वाचायचे. खंड विकत घेण्याची ऐपत नसलेल्याचे शिक्षण तिथेच अडे. आता सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ई-एससीआर सुरू करून आपले अधिकृत निकाल फुकट खुले केले आहेत. त्याच वर्षी निकालांना प्रकाशकनिरपेक्ष क्रमांक मिळू लागले. मुरबाडच्या मुलीला आणि फोर्टातल्या बॅरिस्टरच्या नातवाला आता एकच निकाल, एकाच क्रमांकाने, एकाच वेळी वाचता येतो. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांत कायदेशिक्षणात झालेला हा सर्वांत न्याय्य बदल आहे.

याच खुल्या वाटेने एक मोठा धोकाही आत आला आहे, आणि त्याविषयी पुस्तकात मी सर्वांत कडक भाषा वापरली आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅट-जीपीटीने रचलेले, कधीच न दिले गेलेले निकाल न्यायालयापुढे ठेवले. त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. आपल्याकडे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक आयकर आकारणीचा आदेश रद्द केला, कारण अधिकाऱ्याने त्यात आधार घेतलेले निकाल अस्तित्वातच नव्हते. यंत्र वापरू नका असे मी मुलांना सांगत नाही, ते वापरणारच. सांगतो ते एवढेच : जो निकाल तुम्ही स्वतः उघडला नाही, ज्याचा नेमका परिच्छेद तुम्ही वाचला नाही, त्याचे नाव तुमच्या सहीच्या कागदावर येता कामा नये. सिनियरने सांगितलेले नावही नाही, हेडनोटमधले वाक्यही नाही. हेडनोट संपादकाने लिहिलेली असते, न्यायाधीशाने नव्हे. आणि न्यायालय आपल्या शब्दावर विसंबते म्हणून वकिलाला तिथे उभे राहता येते.

आता लेखन. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ६ नियम २ सांगतो, की वादपत्रात आणि कैफियतीत महत्त्वाची तथ्ये थोडक्यात लिहावीत, पुरावा लिहू नये. इतका नेमका धडा १९०८ पासून कायद्यात लिहून ठेवला आहे, आणि तरीही आपली वादपत्रे कशी असतात? 'सदर वादी हे सदर मिळकतीचे मालक व कब्जेदार असून सदर प्रतिवादी यांनी सदर मिळकतीमध्ये कोणताही हक्क अधिकार नसताना बेकायदेशीररीत्या अतिक्रमण करून सदर वादी यांच्या शांततामय कब्जास हरकत व अडथळा निर्माण केलेला असल्याने सदर दावा दाखल करणे भाग पडले आहे.' या वाक्यातून न्यायाधीशाला काय कळले? मालकी कुठल्या दस्ताने, कधीपासून? अतिक्रमण किती फुटांचे, कुठल्या बाजूला? कधी केले? काहीच नाही. तेच असे लिहून पाहा : 'वादीने ही जागा १२ मे २००९ च्या नोंदणीकृत खरेदीखताने घेतली. तेव्हापासून ती त्याच्या कब्जात आहे. ३ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रतिवादीने जागेच्या उत्तर हद्दीच्या आत चार फूट पत्र्याचे कुंपण घातले.' तीन वाक्ये, आणि प्रतिवादीला आता प्रत्येक वाक्याला हो किंवा नाही म्हणावेच लागेल. चांगल्या मसुद्याची माझी कसोटी तीच आहे. मोघम वाक्याला मोघम नकार मिळतो आणि वाद वर्षानुवर्षे लोंबकळतो.

आमचा आग्रह असा, की विद्यार्थ्याने पहिला मसुदा मराठीतच लिहावा, जरी शेवटी तो इंग्रजीत जाणार असला तरी. यावर आक्षेप येतात. उच्च न्यायालयात जायचे तर इंग्रजीचीच सवय हवी, दोनदा लिहिण्यात वेळ जातो, पालकांना वाटते मुले मागे राहतील. इंग्रजी शिकायलाच हवी, यात वाद नाही. पुस्तकातले निम्मे सराव इंग्रजी निकालांवरचे आहेत. पण अर्धवट येणाऱ्या भाषेत माणूस विचार करत नाही, तयार वाक्ये जोडतो. मराठीत लिहिताना त्याला स्वतःची चूक ऐकू येते. 'हे असे घडलेच नव्हते,' असे तो आपणहून म्हणतो. हकीकत एकदा मराठीत सरळ झाली की इंग्रजी मसुदाही आखूड आणि स्वच्छ उतरतो, हा वर्गातला अनुभव आहे.

अवघड लिहिणे म्हणजे विद्वत्ता, हा समज फक्त वकिलांचा नाही. २०२२ मध्ये स्टेट बँक विरुद्ध अजय कुमार सूद या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे उच्च न्यायालयाचा असा निकाल आला, की त्याचा अर्थच लागेना. सर्वोच्च न्यायालयाने निकाल कसा लिहावा यावर सविस्तर लिहिले : मुद्दा काय, त्याला कुठला नियम लागू, तो या तथ्यांना कसा लागतो आणि शेवट काय. परिच्छेदांना क्रमांक द्या, हेही सांगितले. ज्या गोष्टी पहिल्या वर्षाला शिकवायच्या, त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला निकालात लिहाव्या लागल्या. अमेरिकेत प्रत्येक मान्यताप्राप्त विधि महाविद्यालयाला पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याकडून लेखनाचे काम करून घ्यावे लागते. आपण हा विषय शेवटच्या वर्षाला ढकलतो, आणि पुढे वकिलीसाठी द्यावी लागणारी अखिल भारतीय बार परीक्षा बहुपर्यायी असते. म्हणजे एकही स्वतःचा परिच्छेद न लिहिता वकील होता येते.

लिखाणाने काय घडू शकते हे मुलांना दाखवायचे असेल तेव्हा मी विदर्भातल्या एका प्रकरणाकडे वळतो. देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराचे हे प्रकरण. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरले आणि सप्टेंबर १९७८ मध्ये तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून संमती. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले : उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर. या पत्राचे बळ निकालाच्या बारकाईने केलेल्या वाचनात आहे. शरणागती आणि संमती यांत न्यायालयाने फरक का केला नाही, पोलिस ठाण्यातल्या रात्रीची परिस्थिती का विचारात घेतली नाही, असे ते एकेक प्रश्न विचारत जाते. देशभर स्त्रियांची आंदोलने उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पुरावा कायद्यात कलम ११४अ आले : कोठडीतल्या बलात्कारासारख्या प्रकरणांत संभोग सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे न्यायालयात सांगितले, तर ती नव्हती असेच न्यायालय गृहीत धरील. नव्या साक्ष्य अधिनियमात ते आता कलम १२० आहे. पुस्तकाच्या नवव्या प्रकरणात निकाल वाचून विद्यार्थ्याने स्वतः असे पत्र लिहायचे आहे, आणि ते लिहून झाल्यावरच मूळ पत्र मिळवून वाचायचे आहे.

शिक्षकांसाठी दोन शब्द, कारण पुस्तकाचे यश त्यांच्यावर आहे. नियमांनुसार एका तुकडीत साठ विद्यार्थी असू शकतात. साठ जणांचे तीस मसुदे म्हणजे अठराशे मसुदे. ते वाचून, दुरुस्त करून परत देणे एका माणसाला अशक्य आहे, म्हणून पानावर बरोबरची खूण आणि सही होते. यात शिक्षकाचा दोष मी मानत नाही. माझी सूचना अशी, की तीस नमुने एकदा लिहून घेण्यापेक्षा पाच प्रकरणे निवडावीत आणि प्रत्येक मसुदा तीनदा लिहून घ्यावा. पहिला शिक्षकाने वाचावा, दुसरा सहाध्यायांनी प्रतिपक्षाचे वकील होऊन फोडून काढावा, तिसऱ्याला गुण द्यावेत. विद्यापीठाच्या चौकटीत तीसचा आकडा पाळणे भाग असेल, तर उरलेले मसुदे जर्नलात राहू द्यावेत. पण शिकवणे या पाचांतून होईल. तिसऱ्या मसुद्याला पोहोचलेला विद्यार्थी स्वतःचे वाक्य स्वतः खोडतो, आणि ते एकदा जमले की त्याला शिक्षकाची गरज कमी होते.

महसुली न्यायालयांतले लेखन या पुस्तकात नाही. कुळकायदा, आदिवासींच्या जमिनी आणि हक्कनोंदणीची अपिले ठाणे-पालघरमध्ये इतकी आहेत, की त्यांना स्वतंत्र पुस्तक हवे. ग्राहक आयोग आणि सहकार न्यायालयाचे प्रत्येकी एकच उदाहरण घेतले आहे. मराठी पारिभाषिक शब्दांसाठी शासनाच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश प्रमाण मानला आहे. जिथे कोशातला शब्द कोर्टात कोणी बोलत नाही तिथे बोलला जाणारा शब्द ठेवला आहे.

सरावांची उत्तरे मागे दिलेली नाहीत. चवदार तळ्याच्या निकालावर प्रश्नाचे वाक्य दोन विद्यार्थ्यांनी वेगवेगळे लिहिले, तर शिक्षकाने दोघांना एवढेच विचारावे, की निकालातला कुठला परिच्छेद तुमच्या बाजूने आहे. दोघांनाही तो दाखवता आला तर दोन्ही उत्तरे ठेवावीत आणि दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करून पंधरा मिनिटे युक्तिवाद करू द्यावा.